लंडन ते रोम विमानाने: अंतर १,४३४, १,४४४ की १,५४४ किलोमीटर? आणि वेळ नेमका किती धरायचा?

प्रश्न असा आहे: लंडनहून रोमला जायचं आहे. एका संकेतस्थळावर हवाई अंतर १,४३४ किलोमीटर दिसतं, दुसऱ्यावर १,४४४, आणि कार्बन उत्सर्जन मोजणाऱ्या कॅलक्युलेटरवर १,५४४. ताशी ८५० किलोमीटरने भागलं तर १ तास ४२ मिनिटांत पोचायला हवं. तिकिटावर मात्र २ तास ३५ मिनिटं छापलेली असतात आणि विमानात बसल्यावर घोषणा होते ती २ तास ५ मिनिटांची. मग धरायचं काय?

आधी थेट उत्तर देतो. हीथ्रो ते फ्युमिचिनो हे विमानतळ ते विमानतळ सरळ हवाई अंतर १,४४४ किलोमीटर आहे, म्हणजे ७८० सागरी मैल किंवा ८९७ साधे मैल. विमान हवेत साधारण २ तास ते २ तास १० मिनिटं असतं. गेट ते गेट वेळ जाताना २ तास ३० ते ४० मिनिटं, आणि येताना त्याहून दहा-पंधरा मिनिटं जास्त. पुढचं कनेक्शन, बैठक, हॉटेलचा चेक-इन यांपैकी काहीही ठरवायचं असेल तर गेट ते गेट वेळच धरा. हवेतल्या वेळेचा प्रवाशाला उपयोग फारसा नाही.

वरचे तिन्ही किलोमीटर बरोबर आहेत, फक्त प्रत्येक आकडा वेगळ्या गोष्टीचं माप आहे. चूक आहे ती फक्त भागाकारातल्या १ तास ४२ मिनिटांची. ती का, हे पुढे येईलच.

अंतराचे आकडे कुठून येतात

१,४३४ हा शहराच्या केंद्रापासून शहराच्या केंद्रापर्यंतचा आकडा आहे. लंडनचं केंद्र म्हणून बहुतेक जण चेरिंग क्रॉस धरतात आणि रोमचं केंद्र जुन्या शहराच्या मध्यात. त्या दोन बिंदूंमधून कुठलंही विमान उडत नाही. शाळेच्या प्रकल्पाला हा आकडा चालेल, प्रवासाच्या हिशोबाला नाही.

१,४४४ हा हीथ्रो ते फ्युमिचिनो. विमानतळ बदलला की हाही बदलतो. गॅटविक ते फ्युमिचिनो १,४०६ किलोमीटर होतात, कारण गॅटविक लंडनच्या दक्षिणेला आहे. स्टॅन्स्टेड ते चाम्पिनो १,४५९, कारण स्टॅन्स्टेड ईशान्येला आहे आणि चाम्पिनो रोमच्या आग्नेयेला. तेव्हा ‘लंडन ते रोम किती’ असं विचारण्याऐवजी कुठला विमानतळ ते कुठला विमानतळ, हे आधी ठरवा. नुसत्या विमानतळांच्या निवडीने पन्नास-पंचावन्न किलोमीटरचा फरक पडतो.

हे अंतर स्वतः काढायचं असेल तर कठीण नाही. हीथ्रो अक्षांश ५१.४७ उत्तर, रेखांश ०.४६ पश्चिम. फ्युमिचिनो ४१.८० उत्तर, १२.२४ पूर्व. अक्षांशातला फरक ९.६७ अंश. रेखांशातला फरक १२.७० अंश, इथे एक पश्चिम आणि एक पूर्व आहे, म्हणून ते मिळवायचे असतात, वजा करायचे नसतात. आता अक्षांशाच्या फरकाचा निम्मा घ्या, ४.८३५ अंश. त्याच्या साइनचा वर्ग ०.००७१०. रेखांशाच्या फरकाचा निम्मा ६.३५ अंश, त्याच्या साइनचा वर्ग ०.०१२२३. या दुसऱ्या संख्येला दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनने गुणा (०.६२२९ आणि ०.७४५५), म्हणजे ०.००५६८ येतात. दोन्हींची बेरीज ०.०१२७८. तिचं वर्गमूळ ०.११३०७. त्याचा व्यस्त साइन रेडियनमध्ये काढून दुप्पट केला की ०.२२६६. पृथ्वीच्या सरासरी त्रिज्येने, ६,३७१ किलोमीटरने, गुणलं की १,४४४.

यात तीन ठिकाणी लोक अडकतात. स्प्रेडशीटला कोन रेडियनमध्ये लागतो आणि आपण अंश टाकतो, मग उत्तर भलतंच येतं. शून्य रेखांशाच्या पश्चिमेचं चिन्ह उणे द्यायचं राहून जातं. लंडनच्या बाबतीत ही चूक सहज लक्षात येत नाही, कारण रेखांश शून्याच्या इतका जवळ आहे की चुकलेलं उत्तरही खरंच वाटतं. तिसरी चूक सगळ्यात मोठी: नकाशा सपाट समजून अंशांवर पायथागोरस लावणं. ९.६७ आणि १२.७० यांचा कर्ण काढून १११ ने गुणलं तर जवळपास १,७७२ किलोमीटर येतात, म्हणजे तीनशेहून अधिक किलोमीटर फुगलेले. रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर १११ किलोमीटर असतो, पण लंडनच्या अक्षांशावर तो जेमतेम ६९ किलोमीटर उरतो आणि रोमच्या अक्षांशावर ८३. युरोप बराच उत्तरेला असल्यामुळे ही चूक तिथे फार महागात जाते. मुंबई–नागपूर अंतर असं काढलं तर इतकं बिघडत नाही.

पृथ्वी पूर्ण गोल नाही, ध्रुवांशी किंचित चपटी आहे. तेवढा हिशोब धरला तर या मार्गावर सुमारे दीड किलोमीटर वाढतो. म्हणून कुठे १,४४४ आणि कुठे १,४४५ दिसलं तर त्यात शोधण्यासारखं काही नाही.

आणि १,५४४? विमान बृहद्वृत्तावरून, म्हणजे गोल पृथ्वीवरच्या दोन बिंदूंमधल्या सगळ्यात जवळच्या वाटेवरून, रेघ मारल्यासारखं जात नाही, म्हणून उत्सर्जनाचा हिशोब करणारे सरळ अंतरात ठरावीक भर घालतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे इकाओच्या पद्धतीत ५५० ते ५,५०० किलोमीटरच्या प्रवासाला १०० किलोमीटर मिळवतात. १,४४४ अधिक १००, झाले १,५४४. युरोपीय संघाच्या उत्सर्जन व्यापार योजनेत हीच भर ९५ किलोमीटरची आहे. हे आकडे त्या दिवशीच्या उड्डाणाचे नसतात, तरी प्रत्यक्षाच्या बरेच जवळ जातात.

एक घोळ एककांचा. वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रण सागरी मैल वापरतात. एक सागरी मैल म्हणजे बरोबर १,८५२ मीटर. ब्रिटिश आणि अमेरिकन संकेतस्थळं साधा मैल वापरतात, तो १,६०९ मीटरचा. ‘मैल’ एवढंच लिहिलेलं दिसलं आणि आकडा ७८० असला तर तो सागरी, ८९७ असला तर साधा. ७८० ला १.६ ने गुणून १,२५० किलोमीटर काढलेलंही अनेक ठिकाणी दिसतं. ते साफ चूक आहे.

विमान प्रत्यक्षात किती उडतं

हीथ्रोहून रोमची दिशा निघताना साधारण १३३ अंश, म्हणजे आग्नेय. पोचेपर्यंत ती १४२ अंशांपर्यंत वळते. वाटेत इंग्लिश खाडी, उत्तर आणि पूर्व फ्रान्स, आल्प्स, मग इटलीचा वायव्य कोपरा आणि पश्चिम किनारा. आकाश स्वच्छ असेल आणि जाताना डाव्या-उजव्या कुठल्याही खिडकीत जागा मिळाली तरी आल्प्स बहुधा दिसतातच.

या रेघेपासून विमान कुठे सरकतं ते पाहा. हीथ्रोवर वारा बहुतेक दिवस पश्चिमेचा असतो आणि विमान वाऱ्याच्या तोंडाला उडतं, त्यामुळे रोमकडे जाणारं विमानही आधी पश्चिमेकडे उडून मग डावीकडे वळतं. सुरुवातीलाच उलट्या दिशेने गेल्यासारखं वाटतं ते यामुळे. त्यानंतर ठरलेला निर्गमन मार्ग असतो, कारण लंडनभोवती हीथ्रो, गॅटविक, स्टॅन्स्टेड, ल्यूटन आणि सिटी अशा पाच विमानतळांची वाहतूक एकमेकांवरून-खालून काढायची असते. फ्रान्सवर लष्करी सरावाची क्षेत्रं सुरू असली तर वळसा. उन्हाळ्याच्या दुपारी आल्प्सवर आणि पो नदीच्या खोऱ्यावर गडगडाटी ढग उभे राहिले तर आणखी वळसा. इटलीच्या वरच्या हवाई हद्दीत डिसेंबर २०१६ पासून मुक्त मार्ग पद्धत आहे, म्हणजे विमानाला ठरलेल्या हवाई रस्त्यांना धरून न राहता प्रवेशबिंदूपासून बाहेरच्या बिंदूपर्यंत सरळ जाता येतं. त्या टप्प्यात फारसं वाया जात नाही. जे वाया जातं ते मुख्यतः दोन्ही टोकांना.

युरोपात दोन्ही विमानतळांभोवतीची ४० सागरी मैलांची वर्तुळं सोडून मधल्या प्रवासात विमानं सरळ रेषेपेक्षा सरासरी सुमारे तीन टक्के जास्त उडतात. त्यात टोकांचे वळसे धरले की या मार्गावर एकूण सहा-सात टक्के होतात. म्हणजे ७८० ऐवजी साधारण ८३० सागरी मैल, किलोमीटरमध्ये १,५४० च्या आसपास. इकाओची १०० किलोमीटरची भर इथे बरोबर बसते ती अशी.

भागाकार का चुकतो

या मार्गावर बहुतेक ए३२० किंवा ७३७ जातीची विमानं असतात. ती ३५ ते ३७ हजार फुटांवर मॅक ०.७८ ने, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या ०.७८ पट वेगाने उडतात. तिथल्या थंड हवेत हा वेग सुमारे ४५० नॉट (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल), म्हणजे ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास होतो. पण हा वेग फक्त मधल्या टप्प्यात असतो.

८३० सागरी मैलांची फोड अशी होते (इथून पुढे नुसतं मैल म्हटलं तरी तो सागरीच). चढायला साधारण २१ मिनिटं, त्यात १२५ मैल सरतात. समुद्रसपाटीपासून १०,००० फुटांपर्यंत सहसा २५० नॉटची मर्यादा असते, त्यामुळे सुरुवात संथ. मधला सपाट टप्पा ५७० मैलांचा. ४५० नॉटने ७६ मिनिटं. उतरण्याचा अंदाज वैमानिक ‘हजार फुटांना तीन मैल’ असा करतात: ३७ हजार फूट म्हणजे १११ मैल, वर वेग कमी करायला दहाएक मैल, आणि धावपट्टीसमोर रांगेत येण्याचे वळसे. धरा १३५ मैल आणि २७ मिनिटं. बेरीज १२४ मिनिटं, म्हणजे २ तास ४ मिनिटं. वैमानिक ‘आपला उड्डाणाचा वेळ दोन तास पाच मिनिटं’ म्हणतो तो हाच, धावपट्टी सोडल्यापासून धावपट्टीला टेकेपर्यंतचा.

याला जमिनीवरचा वेळ जोडा. हीथ्रोवर गेट सोडून धावपट्टीच्या टोकाला जाऊन रांगेतून उड्डाण होईपर्यंत १५ ते २५ मिनिटं जातात, फ्युमिचिनोत उतरल्यावर गेटपर्यंत पाच ते दहा. २० आणि ८ धरले तर २ तास ३२ मिनिटं. तिकिटावरच्या २ तास ३५ मिनिटांना आपण पोचलो.

या वेळा विमान स्वतःच नोंदवतं. चार क्षण असतात: आउट, ऑफ, ऑन आणि इन. दारं बंद होऊन पार्किंग ब्रेक सुटला की आउट. चाकांवरचं वजन गेलं की ऑफ, पुन्हा आलं की ऑन. गेटवर ब्रेक लागून दार उघडलं की इन. आउट ते इन म्हणजे ब्लॉक टाइम, ऑफ ते ऑन म्हणजे हवेतला वेळ. तिकिटावर ब्लॉक टाइम असतो. विमानाचा माग दाखवणाऱ्या ऍपवर कधी एक दिसतो, कधी दुसरा. त्यामुळे दोन स्क्रीनशॉट शेजारी ठेवून ‘एअरलाइन अर्धा तास फुगवते’ असा निष्कर्ष काढू नका. त्या अर्ध्या तासातला बहुतेक वेळ जमिनीवर खरोखर खर्च होतो.

थोडी भर मात्र असतेच, आणि ती मुद्दाम असते. वेळापत्रक करणारे मागच्या हंगामांत त्याच मार्गावर, त्याच तासाला ब्लॉक टाइम किती लागला ते पाहून असा आकडा निवडतात की बहुतेक उड्डाणं त्यात बसतील. वक्तशीरपणा मोजताना १५ मिनिटांपर्यंतचा उशीर माफ असतो. सकाळी आठच्या गर्दीतलं आणि दुपारी अडीचचं उड्डाण यांच्या छापील वेळेत पाच-दहा मिनिटांचा फरक दिसतो तो यामुळे. माझ्या मते ही भर प्रवाशाच्या सोयीचीच आहे. खोटं वेगवान वेळापत्रक आणि चुकलेलं कनेक्शन यापेक्षा दहा मिनिटं आधी पोचलेलं केव्हाही बरं.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. विमान उशिरा सुटलं की ‘पायलट हवेत वेळ भरून काढेल’ असं सर्रास म्हणतात. मधला ५७० मैलांचा टप्पा मॅक ०.७८ ऐवजी ०.८० ने काढला तर वेग ४५० वरून सुमारे ४६१ नॉट होतो आणि वाचतात जेमतेम दोन मिनिटं. इंधन मात्र बरंच जास्त जळतं. या अंतरावर हवेत भरून काढण्यासारखा वेळच नसतो. उशीर कमी होतो तो छापील वेळेतल्या भरीमुळे, सरळ मार्ग मिळाल्यामुळे किंवा शेपटाच्या वाऱ्यामुळे.

वारा, आणि येताना वेळ का वाढतो

युरोपवर उंचावर वारा बहुतांश पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. हिवाळ्यात जेट स्ट्रीम, म्हणजे उंचावरचा वेगवान वाऱ्याचा पट्टा, जोरात असली की तो १०० नॉटच्याही वर जातो, उन्हाळ्यात बराच मंद होतो. लंडन–रोम मार्ग तिरपा आहे, म्हणून पूर्ण वारा मदतीला येत नाही. पश्चिमेचा ८० नॉटचा वारा धरा. मार्गाशी त्याचा कोन साधारण ४७ अंश, म्हणजे मार्गाच्या दिशेने ५५ नॉट मिळतात आणि ५८ नॉट बाजूने लागतात. बाजूच्या वाऱ्यात मार्गावर टिकायला नाक थोडं वाऱ्याकडे ठेवावं लागतं, त्यात चार नॉट जातात. जाताना जमिनीच्या संदर्भात वेग ५०१ नॉट, येताना ३९१. मधल्या ५७० मैलांना जाताना ६८ मिनिटं, येताना ८७. फरक १९ मिनिटांचा.

बारकाईने पाहा: वारा नसता तर ७६ मिनिटं लागली असती. जाताना ८ मिनिटं वाचली आणि येताना ११ गेली. मदतीचा वारा असताना विमान त्या वाऱ्यात कमी वेळ राहतं आणि विरोधी वाऱ्यात जास्त, त्यामुळे जाऊन-येऊन हिशोब कधीच शून्य होत नाही. छापील वेळेत येतानाची वाढ दहा-पंधरा मिनिटांचीच दिसते, कारण वेळापत्रक हंगामाच्या सरासरीवर बेतलेलं असतं, एखाद्या वादळी दिवसावर नाही.

सरळ पूर्व–पश्चिम मार्गावर हाच फरक वाढतो, आणि तिरपा मार्ग लांब असला तरीही. लिस्बन–हेलसिंकी हे ३,३६५ किलोमीटरचं अंतर घ्या: हेलसिंकीकडे जाताना साधारण साडेचार तास, परत येताना पाच तासांच्या घरात. उत्तर–दक्षिण मार्गांवर मात्र दोन्ही बाजूंना जवळपास सारखाच वेळ लागतो.

येतानाचा दुसरा त्रास हीथ्रोचा. दोनच धावपट्ट्या आणि वर्षाला ४,८०,००० उड्डाण-अवतरणांची मर्यादा. ती जवळपास भरलेली असते, म्हणून दहा मिनिटांचा धक्का जिरवायला मोकळी जागाच नाही. लंडनभोवती चार प्रतीक्षा-घिरट्यांची ठिकाणं आहेत: बोव्हिंग्डन, लॅम्बोर्न, ऑकम आणि बिगिन. रोमचं विमान आग्नेयेकडून येतं, त्यामुळे ते बहुधा बिगिनच्या वर थांबवतात. तिथे विमानं हजार-हजार फुटांच्या अंतराने एकावर एक घिरट्या घालतात, खालचं सुटलं की वरची एकेक पायरी उतरतात. एक फेरी साधारण चार मिनिटांची: एक मिनिट वळण, एक मिनिट सरळ, पुन्हा वळण, पुन्हा सरळ. खिडकीतून तेच शेत, तोच रस्ता तिसऱ्यांदा दिसला तर समजा आठ मिनिटं गेली. हा वेळ कमी करायला २०१४ पासून हीथ्रोकडे येणाऱ्या विमानांचा वेग ३५० सागरी मैलांवरूनच, म्हणजे फ्रान्सवर असतानाच, थोडा कमी करायला सांगतात. प्रवाशाला वेळ तेवढाच लागतो, पण तो उंचावर आणि कमी इंधनात जातो.

हीथ्रोवर वारा पूर्वेचा असला की खेळ उलटतो. रोमला निघणाऱ्या विमानाला फायदा, कारण ते योग्य दिशेलाच उडतं. रोमहून येणाऱ्याला मात्र विमानतळ ओलांडून पश्चिमेला जाऊन वळून यावं लागतं, त्यात पाचेक मिनिटं जातात. फ्युमिचिनोतही तसंच: उत्तरेकडून येऊन धावपट्टीच्या १६ क्रमांकाच्या, म्हणजे साधारण दक्षिणेकडच्या, दिशेने उतरायचं असेल तर सरळ रांग लागते, ३४ ची, म्हणजे उलटी, दिशा चालू असेल तर दक्षिणेला जाऊन वळायचं.

या सगळ्यांपेक्षा मोठा उशीर विमान सुटण्याआधीच होतो. वाटेतलं एखादं क्षेत्र भरलं, वादळ आलं किंवा फ्रान्समधल्या नियंत्रकांचा संप असला की युरोकंट्रोल या युरोपच्या हवाई वाहतुकीचा मेळ घालणाऱ्या संस्थेचं ब्रसेल्समधलं केंद्र प्रत्येक विमानाला उड्डाणाची ठरावीक वेळ देतं. १०:२० ची वेळ मिळाली तर १०:१५ ते १०:३० या दरम्यान चाकं जमिनीवरून उचलली गेली पाहिजेत. ती संधी हुकली तर नवी वेळ, कधी तासाभराने. म्हणून पुढची वेळ तासभर लांब असूनही सगळ्यांना आत बसवून दारं बंद करतात; वेळ अचानक अलीकडे आली तर विमान तयार असावं लागतं. अशा वेळी ‘आत कोंडून ठेवलं’ म्हणून कर्मचाऱ्यांवर चिडू नये, त्यांच्या हातात काही नसतं.

कामाचे ठोकताळे

युरोपातल्या कुठल्याही दोन शहरांसाठी गेट ते गेट वेळेचा अंदाज असा करा: विमानतळ ते विमानतळ सरळ किलोमीटर भागिले ८०० इतके तास, अधिक ४५ मिनिटं. लंडन–रोम: १,४४४ भागिले ८०० म्हणजे १ तास ४८ मिनिटं, अधिक ४५, झाले २ तास ३३ मिनिटं. लंडन–अथेन्स सुमारे २,४१५ किलोमीटर, येतात ३ तास ४६ मिनिटं. छापील वेळ याच्या आसपासच असतो. दोन्ही विमानतळ छोटे असतील तर ४५ ऐवजी ३५ धरा. तीन हजार किलोमीटरच्या पुढे वाऱ्याचं महत्त्व इतकं वाढतं की या सूत्रावर भिस्त ठेवू नका.

एखाद्या विशिष्ट उड्डाणाची खरी सवय जाणून घ्यायची तर त्याचा क्रमांक घेऊन फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअरवर गेल्या आठवड्याचा इतिहास पाहा. सरासरी काढत बसू नका. सगळ्यात उशिराचे दोन दिवस बघा आणि कनेक्शन त्यांना पुरेल असं निवडा. शक्य असेल तर दिवसातलं पहिलं उड्डाण घ्या. संध्याकाळपर्यंत त्याच विमानाने चार-सहा फेऱ्या केलेल्या असतात आणि प्रत्येक फेरीचा उशीर पुढच्या फेरीच्या माथी बसतो.

घड्याळाचा हिशोब सोपा आहे, तरी चुकतो. तिकिटावरच्या दोन्ही वेळा स्थानिक असतात आणि रोम लंडनच्या एक तास पुढे. ९:०० ला निघून १२:३५ ला पोचणं म्हणजे २ तास ३५ मिनिटं, साडेतीन तास नव्हे. परत येताना १३:३० ला निघून १५:१५ ला पोचणं म्हणजे पावणेतीन तास. ब्रिटन आणि युरोपीय संघ दोन्हीकडे घड्याळं एकाच क्षणी बदलतात, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, त्यामुळे हा एक तासाचा फरक वर्षभर कायम असतो. भारताशी असलेला फरक मात्र बदलतो: रोम उन्हाळ्यात साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार, लंडन साडेचार आणि साडेपाच. मुंबईहून लंडनमार्गे रोमला जाणाऱ्यांनी ऑक्टोबरअखेरचं तिकीट काढताना हे तपासावं. आणि ब्रिटनचा व्हिसा रोमला चालत नाही, शेंगेन व्हिसा वेगळा लागतो.

दारापासून दारापर्यंत मोजायचं तर मध्य लंडनहून हीथ्रो एक तास, विमान सुटण्याआधी दोन तास, ब्लॉक टाइम २ तास ३५ मिनिटं, पासपोर्ट तपासणी आणि सामान ३० ते ६० मिनिटं, आणि फ्युमिचिनोहून तेर्मिनी स्टेशनला थेट जाणाऱ्या लिओनार्दो एक्स्प्रेसची ३२ मिनिटं. एकूण साडेसहा ते सात तास. शेंगेन सीमेवर ऑक्टोबर २०२५ पासून बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेणारी नोंदणी टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे, त्यामुळे पहिल्यांदा प्रवेश करणाऱ्याने पासपोर्टच्या रांगेला वरची मर्यादाच धरावी.

आता जिथे किलोमीटरचा नेमका आकडा खरोखर पैशांचा असतो ती जागा: उशिराची भरपाई. युरोपीय संघाच्या २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमात १,५०० किलोमीटरपर्यंतच्या उड्डाणाला २५० युरो आणि १,५०० ते ३,५०० किलोमीटरला ४०० युरो आहेत. ब्रिटनच्या समांतर नियमात याच टप्प्यांना २२० आणि ३५० पौंड. अंतर बृहद्वृत्तानेच मोजायचं, असं नियमातच लिहिलेलं आहे. म्हणजे विमान प्रत्यक्षात १,५४० किलोमीटर उडालं म्हणून लंडन–रोमला वरचा टप्पा मिळत नाही. हीथ्रो–नेपल्स मात्र सुमारे १,६३० किलोमीटर आहे, तिथे मिळतो. कनेक्शन असेल तर पहिल्या विमानतळापासून शेवटच्या विमानतळापर्यंतचं सरळ अंतर धरतात. युरोपीय न्यायालयाने २०१७ मध्ये रोमहून ब्रसेल्समार्गे हांबुर्गला जाणाऱ्या प्रवाशांच्या खटल्यात हेच ठरवलं: दोन टप्प्यांची बेरीज १,६५६ किलोमीटर होत होती, पण थेट अंतर १,३२६ होतं, आणि भरपाई २५० युरोच्या टप्प्याची धरली गेली.

भरपाईसाठी पोचताना तीन तास किंवा जास्त उशीर लागतो, आणि पोचण्याची वेळ म्हणजे विमानाचं निदान एक दार उघडून उतरायला परवानगी मिळाल्याचा क्षण; २०१४ चा निर्णय तसा आहे. चाकं २ तास ५२ मिनिटं उशिरा टेकली आणि गेट मोकळं नसल्यामुळे दार ३ तास १ मिनिटाने उघडलं, तर दावा उभा राहतो. म्हणून अशा प्रसंगी दार उघडताना फोनवर घड्याळासह एक फोटो काढून ठेवा. ऍपवर दिसणारी लँडिंगची वेळ या दाव्याला उपयोगी नाही. वादळ, नियंत्रकांचा संप अशी कारणं एअरलाइनच्या हाताबाहेरची धरली जातात आणि त्यात रोख भरपाई मिळत नाही, तरी थांबण्याच्या वेळेतलं जेवण आणि रात्र काढावी लागली तर हॉटेल देणं एअरलाइनवर बंधनकारकच असतं. ते काउंटरवर मागून घ्या, आणि दिलं नाही तर स्वतः खर्च करून पावत्या जपून ठेवा.